दोनशे एकावी कडी

ऑफिसात मी त्याला साहेब म्हणायचो आणि घरी जावईबापू. मनात काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही. तो मला ऑफिसात क्रेनवाले म्हणायचा आणि घरी काहीच म्हणायचा नाही. घरी मला काही सांगायचं असलं की तो माझ्या लेकीकडे बघून सांगायचा.

"त्यांना म्हणावं, बाथरूमचा नळ नीट बंद करत जा."

मी समोरच बसलेलो असायचो. मग मीही लेकीकडे बघून म्हणायचो, "त्यांना म्हणावं, वॉशर गेलाय. पिळून पिळून माझं मनगट जाईल, नळ गळायचा थांबणार नाही."

लेक खाली मान घालून जेवायची.

मी त्यांच्या मागच्या खोलीत राहायचो. त्या खोलीत वॉशिंग मशीन, इस्त्रीचं टेबल, माझी खाट आणि बिनपडद्याची एक खिडकी. मशीन कपडे पिळायला लागलं की खाट थरथरायची. बायको गेल्यावर आणि खांदा मोडल्यावर लेकीनं मला इथं आणलं. त्यानं त्या वेळी हो म्हटलं की नाही, ते मी विचारलं नाही.

लग्नाआधी मात्र तो मला मामा म्हणायचा. मी तेव्हा बांधकामावर क्रेनचा सिग्नलमन होतो. ऑपरेटर वर केबिनमध्ये असतो, त्याला खालचं दिसत नाही, म्हणून खाली उभा राहून हातानं इशारे देणारा माणूस लागतो. सहा दिवस ते काम आणि रविवारी झोप. हा रविवारी बरोबर चारला यायचा, खुर्चीवर बसायचा आणि विचारायचा, "मामा, मग काय ठरलं?" मुलगा वाईट नव्हता. समोरच्याचं ऐकून घ्यायचा नाही, एवढंच. मी म्हणायचो, बघू. पुढच्या रविवारी पुन्हा हजर. असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी मी हो म्हटलं. त्यानंतर मामा बंद झालं.

त्याच्या ऑफिसात माझं काय काम, तर तेही सांगतो. टायरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. उन्हं तापली की खालून रबराचा वास यायचा. तिथे एक कंपायलर बनायचा. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्राम. क्रेन बनवणारी एक कंपनी त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिनं अट घातली की तपासणीला क्रेनवर काम केलेला एक तरी माणूस पाहिजे. लेकीनं जेवताना माझं नाव सुचवलं. गिऱ्हाइकाची अट असल्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही. हे त्यानं मला कधीच माफ केलं नाही.

त्यांच्या भाषेत एकूण बत्तीस शब्द. मी अक्षरं शिकलो ती चौपन्नाव्या वर्षी, मोठ्या माणसांच्या वर्गात. त्या मानानं हे बत्तीस शब्द लवकर आले. फक्त मला अजून बोट ठेवून वाचावं लागतं. एक अक्षर, मग पुढचं अक्षर. बाकीचे नुसती नजर फिरवतात आणि वाचलं म्हणतात.

कंपायलरच्या दारात टाइप चेकर बसवलेला असतो. हा चेकर जावयानं लिहिलेला. त्याचं काम असं: पंचवीस हा आकडा आहे. पण पंचवीस टन उचलायचे की पंचवीस मीटर वर न्यायचं, हे आकड्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. वजन हा एक प्रकार, लांबी हा दुसरा. वजनाच्या जागी लांबी आली की चेकरनं आडवं यायचं आणि प्रोग्राम पुढे जाऊ द्यायचा नाही.

त्यात एक जुनं दुखणं होतं. त्या भाषेत साखळीची व्याख्या अशी लिहितात: साखळी म्हणजे एक कडी, आणि तिच्याखाली एक साखळी. मला ही व्याख्या पहिल्या दिवसापासून आवडली. साइटवर आम्ही साखळी अशीच तपासायचो. पण अशा दोन साखळ्या चेकरपुढे ठेवून विचारलं, या एकाच प्रकारच्या आहेत का, की त्याची पंचाईत व्हायची. कडी आणि कडी सारखी, ठीक. आता खालची साखळी आणि खालची साखळी सारखी का? म्हणजे पुन्हा कडी, पुन्हा खालची साखळी. तळ म्हणून येतच नाही. चेकर खाली खाली उतरत राहायचा, मशीनची मेमरी संपायची आणि सगळं कोसळायचं. क्रेनवाल्या कंपनीनं तीन पत्रं पाठवली होती. तिसऱ्या पत्रात नमस्कारही नव्हता.

जावई चार महिने त्यावर बसला होता. हे नवं व्हर्जन गिऱ्हाइकाकडे गेलं की अख्खा विभाग त्याच्या हाताखाली यायचा होता. लेकीनं मला ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ती गात होती.

मग एका मंगळवारी व्हर्जन तपासणीला आलं. तपासणीच्या प्रमुख एक बाई होत्या. साठीला दोन वर्षं कमी, बोलायला तुसड्या, पण कागदावर काय लिहिलंय ते बघणाऱ्या. त्यांनी आधी स्वतःच्या बारा टेस्ट चालवल्या. बाराही अशाच, स्वतःच्या पोटात स्वतः असलेल्या साखळ्यांच्या. पापणी लवायच्या आत चेकर थांबला.

"थांबतोय," बाई म्हणाल्या. "पळत सुटत नाही. तुम्हाला काही बघायचंय, क्रेनवाले?"

"मला तळ असलेली साखळी द्यायची आहे त्याला."

"म्हणजे?"

"अडीचशे कड्या. एकेक मांडून. शेवटच्या कडीला वजन. तशा दोन साखळ्या, अगदी सारख्या. त्याला सारख्या म्हणता आल्या पाहिजेत."

"दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला तर तो लिहून देईल अडीचशे."

"हातानं लिहितो."

"लिहा. शुक्रवारी दुपारपर्यंत सही हवी. त्याआधी काय विणायचं ते विणा."

विणायचं हा शब्द मग ऑफिसभर झाला. मी डाव्या खांद्यानं अधू, त्यामुळे एका हातानं टाइप करायचो. जावई पाण्याची बाटली भरायला जाताना माझ्यामागे थांबला.

"काय क्रेनवाले, स्वेटर का?"

"तुमच्याच मापाचा, साहेब."

"बाह्या लांब ठेवा. हात बांधायला बऱ्या."

पलीकडच्या टेबलावरचे दोघं हसले. मी कडी नंबर एकशे अकरा लिहीत होतो, ती पुन्हा मोजावी लागली.

बुधवारी सकाळी दोन्ही साखळ्या पुऱ्या झाल्या. चेकरपुढे ठेवल्या. चेकर म्हणाला, ठीक. मलाही बरं वाटलं. पण सही करायच्या आधी आपलं लिहिलेलं वाचायची सवय आहे, म्हणून बोट ठेवून वाचायला बसलो. पहिली साखळी वाचून झाली. शेवटी वजन. दुसरी वाचत आलो. दोनशे अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. शेवटी लांबी.

बोट तिथेच ठेवून मी पहिल्या साखळीचा शेवट पुन्हा बघितला. मग आठवलं. सकाळीच ही शेवटची कडी लिहीत होतो तेव्हा लेकीचा फोन आला होता. "बाबा, तुमच्या खिडकीला पडदा शिवायला टाकते, लांबी किती धरू?" मी तिला लांबी सांगितली आणि हातानंही लांबीच लिहिली.

आधी लाज वाटली. अडीचशेपैकी एक शब्द चुकला तो नेमका शेवटचा. मग दुसरंच लक्षात आलं. मी चुकलो होतो, आणि चेकरनं माझी चूक पकडली नव्हती. त्याचं तर कामच ते.

मी कड्या कमी करत गेलो. शंभर ठेवल्या, चूक पकडली. दीडशे, पकडली. एकशे नव्वद, पकडली. दोनशे, पकडली. दोनशे एक ठेवल्या. चेकर म्हणाला, ठीक.

पुन्हा दोनशे. पकडली. पुन्हा दोनशे एक. ठीक.

बाईंना बोलावलं. त्यांनी जावयानं लिहिलेला भाग उघडला आणि खाली खाली सरकत एका ओळीवर थांबल्या. खोली दोनशेच्या वर गेली, तर उत्तर: हो. त्या ओळीच्या शेजारी त्यानं स्वतःसाठी एक शेरा लिहून ठेवला होता. असे शेरे मशीन वाचत नाही, माणसांसाठी असतात. तिथे एकच शब्द होता.

दमलो.

बाई आधी खुदकन हसल्या. मग हसू विरलं आणि त्या म्हणाल्या, "बोलवा त्याला."

तो आला तो पेन हातात घेऊनच. मी काय सापडलं ते सांगितलं. त्यानं पुरतं ऐकून घेतलं नाही.

"अडीचशे कड्या हातानं कोण लिहितो? तुम्ही सोडून?"

"माणूस नाही लिहीत, साहेब. क्रेनवाल्यांचं मशीन नकाशावरून प्रोग्राम लिहितं. मागच्या वर्षी त्यांची सगळ्यात खोल साखळी एकशे चाळीसची होती. या वर्षी एकशे ब्याऐंशी."

"म्हणजे दोनशेच्या आत."

"आजच्या तारखेला."

"आणि तिथे हो नाही तर काय लिहू? नाही लिहिलं तर ज्या साखळ्यांना तळच नाही त्या सगळ्या अडतील. त्या तर बरोबर असतात! त्या दोनशेपाशी पोचणारच. गिऱ्हाईक बोंब मारेल." तो बाईंकडे वळला. "तीच जोडी पुन्हा समोर आली की हो धरायचं, हे शास्त्र आहे. मी माझ्या मनचं केलेलं नाही."

"ते मला पटतं," मी म्हणालो. "आपण ही जोडी वर पाहिली, तीच पुन्हा आली, म्हणजे आपण गोल फिरतोय, म्हणजे नवं काही निघणार नाही. तेव्हा हो म्हणावं. पण तीच जोडी आलीय हे तुमचा चेकर बघतो का?"

त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"पाहिलेल्या जोड्या लिहून ठेवतो का?"

"नाही ठेवत," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "नुसता मोजतो."

"लिहून ठेवायचं म्हटलं तर तीन आठवडे लागतील," तो म्हणाला. "शुक्रवारी व्हर्जन जायचंय."

"पाहिलंय म्हणून हो आणि दमलो म्हणून हो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, साहेब."

"हे तुम्ही मला शिकवणार? तुम्हाला यातलं कळतं किती?"

"दोनशे एकपर्यंत मोजता येतं. दमलो हे तुम्हीच लिहिलंय, मी नाही."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी खणातून तपासणीचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. त्यावर दोनच चौकोन, पास आणि नापास. खाली सहीची रेघ.

"टेस्ट यांची, सही यांची," बाई म्हणाल्या. "यांनी पास केलं तर जाईल. वरच्यांनी मला विचारलं तर मी हा कागद दाखवीन. तुम्हा सासऱ्या-जावयाच्या मध्ये मी पडणार नाही."

त्या दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या मजल्यापाशी तो समोरच्या पत्र्याकडे बघत म्हणाला, "मामा, करून टाका सही."

कितीतरी वर्षांनी मामा ऐकलं. मी म्हणालो, "नाही."

घरी दार उघडताना त्यानं पुन्हा विचारलं. बूट काढताना विचारलं. मी दाढी करत होतो तर बाथरूमच्या दारात उभा राहिला. "मामा, एक सही आहे. पुढच्या व्हर्जनमध्ये करतो ना मी दुरुस्त. मी काय पळून चाललोय?" गुरुवारी सकाळी बसस्टॉपवर. ऑफिसच्या जिन्यात. पाण्याच्या मशीनपाशी. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, शब्दही तेच. मला मोजायची खोड आहे. गुरुवार दुपारपर्यंत तेरा झाले.

"जावईबापू," तेराव्या वेळी मी म्हणालो, "तुम्ही माझी खोली मोजताय का?"

"तुम्हाला मजा वाटतेय यात."

"अजिबात नाही."

"वाटतेय. माझ्या घरात राहून, माझं खाऊन, माझ्याच मानेवर सुरी. मागच्या खोलीत बसून वाटच बघत होतात तुम्ही."

पाण्याच्या मशीनपाशी उभे असलेले दोघं आपापले ग्लास अर्धेच भरून निघून गेले.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं तोंड बंद ठेवलं, आणि लेकीनं उघडलं. जेवणं व्हायची होती. ती ओट्यापाशी कांदा चिरत होती, तो बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला होता. दोन्ही खोल्यांमध्ये दार नव्हतं.

"बाबा, इतकं काय अडलंय? तो करतो म्हणतोय ना नंतर."

"तुला माझा खांदा कसा मोडला ते ठाऊक आहे?"

"दोर तुटून लागला. मीच पट्ट्या बदलत होते की."

"दोर का तुटला?"

"तो हूक वर जाऊन आपटला म्हणून. बाबा, याचा काय संबंध?"

"हूक फार वर गेला की थांबवायला वर एक लिमिट स्विच असतो. तो सारखा मध्येच क्रेन थांबवायचा. काम खोळंबायचं. म्हणून कुणीतरी तो तारेनं बांधून टाकला होता. म्हणजे हूक कुठेही असो, स्विच म्हणणार, चालू दे. ती तार मी सकाळीच पाहिली होती."

तिची सुरी थांबली.

"ऑपरेटरनं विचारलं, चालवू का. मी म्हटलं, थांब, तार सोडू दे. तासाभरानं पुन्हा विचारलं. मग मुकादमानं विचारायला लावलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी हात वर केला आणि इशारा दिला." मी उजवा हात वर करून बोट गोल फिरवून दाखवलं. उचल, असा तो इशारा. "खाली रिकामा ट्रक होता म्हणून एकट्या माझ्या खांद्यावर भागलं. ट्रकचा ड्रायव्हर पाच मिनिटांपूर्वी उतरून सिगारेट ओढायला गेला होता."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"विचारलं नाही कुणी."

ती पुन्हा कांदा चिरायला लागली. दोनचार काप झाल्यावर म्हणाली, "म्हणजे तुम्ही दमलात की हो म्हणता."

"म्हणायचो."

"मग माझ्या लग्नाला?"

बाहेरच्या खोलीत लॅपटॉपच्या कळांचा आवाज बंद झाला.

मला खोटं बोलता आलं असतं. दोन शब्दांचं काम होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि तेरा वेळा नाही म्हणून म्हणून माझ्या तोंडाला खरं बोलायचं वळण पडलं होतं.

"आठवा रविवार होता," मी म्हणालो. "आदल्या दिवशी डबल पाळी झाली होती. मला झोपायचं होतं."

तिनं चिरलेला कांदा, सुरी, सालं, सगळं एकदमच भांड्यात लोटलं. सुरी खणकन वाजली. बाहेरून तो उठून आला आणि चौकटीत उभा राहिला. लेक समोर असताना माझ्याशी बोलताना त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं नाही.

"वा," तो म्हणाला. "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी पास झालो होतो."

"तुम्ही पुन्हा पुन्हा विचारत होता."

"आणि तुम्ही एकदा नाही म्हणाला असतात तर मी आलोही नसतो परत! बघू, बघू, बघू. कुणी शिकवलं होतं बघू म्हणायला?"

लेक आम्हा दोघांच्या मधून निघून गेली. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपापलं वाढून घेतलं.

शुक्रवारी अकरा वाजता मी नापासच्या चौकोनात फुली मारली आणि सही केली. माझी सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. बाईंनी कागद उचलला. जावई आपल्या टेबलापाशी उभा होता.

"चौदाव्यांदा विचारायला हवं होतं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हणाले असते हो. यांचा हिशेब मला माहीत आहे."

कुणी हसलं नाही. व्हर्जन गेलं नाही. क्रेनवाल्यांचं चौथं पत्र आलं. पुढच्या आठवड्यात विभाग दुसऱ्याच एका माणसाकडे गेला, जो चांगला टेबल टेनिस खेळायचा आणि ज्याला चेकरमधलं फारसं कळत नव्हतं.

ते तीन आठवडे घरात कुणी कुणाकडे बघूनही माझ्याशी बोललं नाही. नळ गळत राहिला. एका दुपारी मी वॉशर आणून बसवला. त्यावरही कुणी काही म्हणालं नाही. पडदा शिवून आला होता. तो घडी घालून इस्त्रीच्या टेबलावर पडून होता. मी तो लावला नाही, तिनंही लावला नाही. सकाळचं ऊन सरळ माझ्या डोळ्यांवर यायचं.

तीन आठवड्यांनी नवं व्हर्जन तपासणीला आलं. मी माझी जुनी अडीचशे कड्यांची जोडी काढली. चूक तशीच ठेवली, शेवटी एकीकडे वजन, दुसरीकडे लांबी. चेकर थांबला आणि त्यानं लिहिलं: अडीचशेव्या कडीखाली वजनाच्या जागी लांबी आहे. मग मी चारशे कड्यांची केली. पकडली. या वेळी हातानं नाही लिहिली, बाईंच्या दहा ओळींच्या प्रोग्रामनं लिहून घेतली. मग तळ नसलेल्या साखळ्या दिल्या. त्यांना तो हो म्हणाला, आणि लगेच म्हणाला. मग मी बाईंना ती ओळ उघडायला सांगितली. आता तिथे आकडाच नव्हता. पाहिलेल्या जोड्यांची यादी होती, आणि शेजारी शेरा.

आधी पाहिलंय म्हणून हो. दमलो म्हणून नाही. सासऱ्यांना दाखवा.

"काय करायचं याचं?" बाई म्हणाल्या. "शेरा काढायला लावू?"

"राहू द्या. मशीन थोडंच वाचतंय."

मी पासच्या चौकोनात फुली मारली. कागद घेऊन त्याच्या टेबलाशी गेलो. त्यानं मला या वेळी एकदाही विचारलं नव्हतं, ना घरी ना लिफ्टमध्ये. त्यानं कागद बघितला, उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"हा कसला हो आहे?" तो म्हणाला. "आधी पाहिलंय वाला, की झोपायचंय वाला?"

"चारशेपर्यंत पाहिलंय."

"ठेवा तिथे."

मी ठेवला. त्यानं तो हातात घेतला नाही, पेपरवेट सरकवून त्याच्यावर ठेवलं.

त्या संध्याकाळी मी घरी आलो तर लेक मागच्या खोलीत माझ्या खाटेवर बसली होती. शेजारी धुतलेल्या कपड्यांची टोपली. पडदा अजून इस्त्रीच्या टेबलावरच होता. मी दारात उभा राहिलो.

"झालं म्हणे पास," ती म्हणाली.

"झालं."

"बाबा, मी एक विचारणार आहे, आणि एकदाच विचारणार आहे. पुन्हा पुन्हा विचारलं तर तुम्ही हो म्हणाल, आणि तो कसला हो आहे ते मला आयुष्यभर कळणार नाही." तिनं टोपलीतला टॉवेल उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडला. "तुम्हाला इथं राहायचंय का?"

मला तिच्याजवळ राहायचं होतं. पण तिनं ते विचारलं नव्हतं. तिनं इथं विचारलं होतं. इथं म्हणजे हे मशीन, ही खाट, तो बाहेरच्या खोलीतला माणूस आणि नळ. मी तेवढ्याचंच उत्तर दिलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिनं टॉवेलची घडी पुरी केली, टोपली कमरेवर घेतली आणि माझ्या शेजारून बाहेर गेली. बांधकामावरचा माझा एक जुना ऑपरेटर दोन स्टॉप पलीकडे एकटाच राहायचा. त्याला फोन केला. तो म्हणाला, ये. रविवारी दुपारी मी बॅग भरली. जावई बाहेरच्या खोलीत होता. तो उठून लिफ्टचं बटण दाबून आला आणि परत आपल्या जागी बसला. लेक दारापर्यंत आली. तिच्या हातात पडदा होता, तो तिनं माझ्या बॅगेत वरच्या बाजूला सरकवला.

"तिथल्या खिडकीला लांबी पुरेल का बघा," ती म्हणाली.

"बघतो."

लिफ्ट वर यायला वेळ लागत होता. मी बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली. लिफ्ट आली, तिचं दार उघडलं. मी आत जाऊन वळलो आणि बटणावर बोट धरून दार उघडंच ठेवलं, जरा जास्तच वेळ ठेवलं. ती समोर उभी होती. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.